बदकाची अंडी वापरताना: रस्सा, पुडिंग आणि बेदाण्याचा केक

कृष्णा आणि वारणेच्या काठच्या गावांत, तसेच शेततळे किंवा मोठी विहीर असलेल्या मळ्यांवर, कोंबड्यांच्या जोडीला चार-दोन बदके पाळलेली अधूनमधून आढळतात. बदकांची अंडी सुरू झाली की घरात ती कोंबडीच्या अंड्यांच्याच पद्धतीने वापरली जातात आणि मग पोळी चिवट झाली, केक जड बसला किंवा रश्शाला वशट वास आला, की बदकाचे अंडे खाण्यात मजा नाही असा निष्कर्ष निघतो. वास्तविक बिघाड बहुतेक वेळा दोनच ठिकाणी असतो. पाककृती अंड्यांच्या नगांवर लिहिलेली असते आणि आपण नगास नग घालतो, हे एक. आणि कोंबडीच्या अंड्याला चालणारी मोठी आच बदकाच्या अंड्याला मानवत नाही, हे दुसरे. या दोन गोष्टी सांभाळल्या तर हे अंडे घरच्या स्वयंपाकात, आणि विशेषतः केकसारख्या भाजून करायच्या पदार्थांत, कोंबडीच्या अंड्यापेक्षा सरस ठरते, असे माझे मत आहे.

फरक नेमका कशात आहे

बाजारातील कोंबडीचे अंडे कवचासह साधारण ५५ ग्रॅम भरते आणि फोडल्यावर त्यातून सुमारे ५० ग्रॅम ऐवज मिळतो. बदकाचे अंडे जातीनुसार ६५ ते ८० ग्रॅमपर्यंत असते. ७५ ग्रॅमचे अंडे फोडले तर आत सुमारे ६५ ग्रॅम निघते. केवळ आकाराचाच प्रश्न असता तर हिशेब सोपा होता, परंतु आतील घटकांचे प्रमाणही वेगळे असते. बदकाच्या अंड्यात बलकाचा वाटा मोठा असल्यामुळे दर १०० ग्रॅममागे सुमारे १४ ग्रॅम स्निग्धांश असतो, तर कोंबडीच्या अंड्यात तो १० ग्रॅमच्या आसपास असतो. उलट पाण्याचा अंश बदकाच्या अंड्यात सुमारे ७१ टक्के आणि कोंबडीच्या अंड्यात ७६ टक्के असतो. प्रथिनांचे प्रमाण दोन्हींत जवळपास सारखेच, म्हणजे १३ टक्क्यांच्या आसपास आहे.

यावरून एक सोयीचा नियम हाताशी येतो. बदकाच्या एका अंड्यात एक मोठा चमचा (१५ मिली) पाणी किंवा दूध मिसळले की पाण्याचा अंश कोंबडीच्या अंड्याइतका होतो आणि ते मिश्रण कोंबडीच्या साधारण दीड अंड्याचे काम करते. म्हणजे पाककृतीत तीन अंडी लिहिली असतील तर बदकाची दोन अंडी आणि दोन मोठे चमचे दूध घ्यावे. रोजच्या भाजी-आमटीला एवढा अंदाज पुरतो. केकसाठी मात्र काटा काढून अंडी तोलावीत, कारण एकाच बदकाच्या अंड्यांतही दहा-बारा ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि नव्याने अंड्यावर आलेल्या बदकाची पहिली अंडी तर लहानच असतात.

अंडी निवडणे, ठेवणे आणि फोडणे

बदके रात्री उशिरा किंवा पहाटे अंडी घालतात आणि जागेची फारशी निवड करत नाहीत, त्यामुळे अंडी चिखलात, ओल्या पेंढ्यात किंवा पाण्याच्या कडेला पडलेली सापडतात. सकाळी उजाडल्याबरोबर ती गोळा करावीत. कवचावर निसर्गतः एक पातळ संरक्षक थर असतो आणि पाण्याने धुतल्यास तो निघून जातो, म्हणून साठवायची अंडी कोरड्या फडक्याने पुसून ठेवावीत आणि वापरायच्या आधीच कोमट पाण्याने धुवावीत. गार पाणी घेऊ नये. गार पाण्यात आतील भाग आकसतो आणि बाहेरची घाण कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून आत ओढली जाण्याची शक्यता असते. फार माखलेले किंवा तडा गेलेले अंडे खाण्यासाठी ठेवू नये.

सांगली-मिरजेकडच्या उन्हाळ्यात अंडी टोपलीत बाहेर ठेवणे योग्य नाही. कळपात नर असेल तर अंडी फलित असतात आणि एवढ्या उष्म्यात त्यांच्या आत गर्भाची वाढ सुरू होऊ शकते. अशी अंडी त्याच दिवशी फ्रीजमध्ये ठेवली की हा प्रश्न उद्भवत नाही. विकत घेतलेल्या अंड्यांबद्दल शंका असेल तर भांडेभर पाण्यात सोडून पाहावीत: ताजे अंडे तळाशी आडवे राहते, जुने होत चाललेले अंडे एका टोकावर उभे राहते आणि तरंगणारे अंडे टाकून द्यावे. कवचाचा रंग पांढरा, निळसर किंवा हिरवट असतो आणि तो बदकाच्या जातीवर अवलंबून असतो. चवीशी त्याचा काही संबंध नाही. बलकाचा गडद केशरी रंग मात्र खाद्यातून येतो. मोकळी चरणारी बदके हिरवा पाला, गोगलगायी आणि किडे खातात, त्याचा तो परिणाम असतो. त्याचप्रमाणे बदकांना मासळीचा कोंडा जास्त घातला असेल तर अंड्याला वास येतो. हा वास मसाल्याने झाकण्याचा प्रयत्न करण्यापेक्षा पुढच्या वेळी अंडी दुसरीकडून घ्यावीत.

कवच जाड आणि आतील पापुद्रा चिवट असल्यामुळे भांड्याच्या काठावर हलकेच आपटून हे अंडे फुटत नाही. ओट्याच्या सपाट भागावर एकदा ठामपणे आपटावे, चीर पडल्यावर अंगठ्याने पापुद्रा फाडावा आणि प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहूनच मुख्य भांड्यात घालावे.

एक सावधगिरी

बदकाचे अंडे कच्चे किंवा अर्धे शिजलेले खाऊ नये. बदकांच्या शरीरात साल्मोनेला जंतू असू शकतात, ते अंड्याच्या कवचावर आणि क्वचित आतही आढळतात. २०१० साली इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये पसरलेल्या अशाच एका साथीचा संबंध बदकाच्या अंड्यांशी जोडला गेला होता. पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट होईपर्यंत शिजवले की हे जंतू मरतात. तालमीत जाणाऱ्या पोरांना दुधात कच्चे अंडे फेटून देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, पण बदकाच्या अंड्याला ती लावू नये. घरी केलेले मेयोनीज, न शिजवलेले मूस आणि केकचे कच्चे पीठ चाटणे यांचेही तेच. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांच्या बाबतीत तर अजिबात सूट घेऊ नये. बदकाच्या एका अंड्यात ६०० मिलिग्रॅमच्या आसपास कोलेस्टेरॉल असते, म्हणजे कोंबडीच्या अंड्याच्या तिप्पट. ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितले आहे त्यांनी ते विचारूनच खावे. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनीही बदकाचे अंडे सुरक्षित असल्याचे गृहीत धरू नये, कारण दोन्हींतील अनेक प्रथिने एकमेकांशी मिळतीजुळती आहेत.

उकडणे, पोळी आणि भुर्जी

उकडण्यासाठी अंडी फ्रीजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवावीत. पाणी उकळले की आच कमी करून अंडी डावाने अलगद सोडावीत आणि पाणी खळखळणार नाही, नुसते हलत राहील, अशा बेताने १२ ते १३ मिनिटे ठेवावीत. महाबळेश्वर आणि पाचगणी १,३०० मीटरच्या आसपास उंचीवर असल्यामुळे तेथे पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून तिथे आणखी दोन मिनिटे धरावीत. वेळ झाली की अंडी लगेच गार पाण्यात टाकावीत. जास्त उकडल्यास पांढरे रबरासारखे होते आणि बलकाभोवती हिरवट कडे येते. ते कडे बलकातील लोह आणि पांढऱ्यातील गंधक यांच्या संयोगाने तयार होते व खायला अपायकारक नसते, पण चव उतरलेली असते. आजच घातलेले अंडे सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात, म्हणून उकडण्यासाठी आठवडाभर जुनी अंडी राखून ठेवावीत आणि ताजी अंडी केकला घ्यावीत.

अंड्याची पोळी करताना एका अंड्यात एक मोठा चमचा दूध, बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मीठ घालून पांढऱ्याच्या तारा मोडेपर्यंत फेटावे. हे पांढरे दाट असते, त्यामुळे दोन मिनिटे तरी फेटण्यास पर्याय नाही. तवा तापल्यावर आच मंद करावी, तेल नेहमीपेक्षा निम्मे घालावे, मिश्रण ओतून झाकण ठेवावे आणि वरचा भाग पूर्ण बसला की एकदाच उलटावे. भुर्जीलाही तोच न्याय लागू आहे: कांदा-टोमॅटो मोठ्या आचेवर परतून घ्यावेत, अंडी घालण्यापूर्वी आच उतरवावी आणि ओलसर चमक जाऊन सगळे गोळे बसले की कढई खाली घ्यावी, कारण तापलेल्या कढईत ती पुढेही शिजत राहते.

कांदा-लसूण मसाल्याचा रस्सा

सातारा-सांगलीच्या घरांत कांदा-लसूण मसाला वर्षाचा केलेला असतोच आणि बदकाच्या अंड्याला तो फार चांगला लागतो, कारण जड बलकाला तिखटाची आणि थोड्या आंबटाची जोड हवी असते. चार अंड्यांसाठी दोन मोठे कांदे उभे चिरून, अर्धी वाटी किसलेले सुके खोबरे, आठ-दहा लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले आणि मूठभर कोथिंबीर घ्यावी. कांदा तेलावर तांबूस भाजावा, खोबरे वेगळे कोरडे भाजावे आणि सगळे मिळून बारीक वाटावे. कढईत दोन मोठे चमचे तेल तापवून वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, त्यात दोन मोठे चमचे मसाला आणि पाव चमचा हळद घालावी आणि मसाला करपण्याच्या आत तीन वाट्या गरम पाणी ओतावे. रस्सा उकळल्यावर मीठ आणि चिंचेचा एक छोटा चमचा कोळ घालावा. कोंबडीच्या अंड्याच्या रश्शाला घालतो त्यापेक्षा खोबरे आणि तेल इथे मुद्दाम कमी ठेवले आहे. बलकाची स्निग्धता रश्शात उतरते आणि दोन्ही भरपूर घातले तर रस्सा तोंडाला बसतो.

उकडलेली अंडी सोलून प्रत्येकाला सुरीने तीन-चार उभ्या चिरा द्याव्यात आणि रश्शात पाच मिनिटे मंद आचेवर ठेवावीत. चिरा न देता सोडलेल्या अंड्याच्या दाट पांढऱ्यात मीठ-मसाला शिरतच नाही. ज्यांना अंडी फोडून सोडलेला रस्सा आवडतो त्यांनी रस्सा थोडा दाट ठेवावा, प्रत्येक अंडे वाटीत फोडून कडेने अलगद सोडावे, ढवळू नये आणि झाकण ठेवून नऊ-दहा मिनिटे शिजू द्यावे. बलक दाबून पाहिल्यावर घट्ट लागला पाहिजे. सोबत शाळूची भाकरी असावी. पावाबरोबरही हा रस्सा खाल्ला जातो, पण एवढ्या जड रश्शाला भाकरीच पेलते.

बेदाण्याचा केक

बदकाच्या अंड्याचे खरे सामर्थ्य केकमध्ये दिसते. बलकातील स्निग्धांश आणि लेसिथिन यांमुळे लोणी, साखर व पाणी एकजीव होतात, फोड मऊ राहते आणि केक दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कोरडा पडत नाही. तासगाव आणि कवठेमहांकाळ भागात बेदाणा मुबलक मिळतो, म्हणून येथे बेदाण्याचा केक दिला आहे.

बदकाची दोन अंडी फोडून तोलावीत. ती १३० ग्रॅम भरली असे धरून पुढील प्रमाण आहे. साखर १३० ग्रॅम, मैदा १४० ग्रॅम, लोणी १२० ग्रॅम, बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, दूध दोन मोठे चमचे, बेदाणे ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि पाव चमचा जायफळाची पूड. अंडी कमी-अधिक भरल्यास साखर अंड्यांच्या वजनाइतकी, मैदा त्याहून दहा ग्रॅम जास्त आणि लोणी दहा ग्रॅम कमी, असा हिशेब ठेवावा. लोणी कमी करण्याचे कारण उघड आहे: बलकाने स्निग्धांश आधीच पुरवलेला असतो आणि वर पूर्ण लोणी घातल्यास केक तळाशी तेलकट होतो. जायफळ चवीसाठी आहे तसेच अंड्याचा वास मोडण्यासाठीही आहे. त्याऐवजी व्हॅनिला किंवा लिंबाची किसलेली साल चालते.

द्राक्षे लवकर वाळावीत म्हणून ती डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून मगच वाळवलेली असतात, म्हणून बेदाणे दोन पाण्यांनी धुवावेत, पंधरा मिनिटे कोमट पाण्यात भिजवावेत, फडक्यावर कोरडे करावेत आणि मैद्यातीलच एक चमचा त्यांना चोळावा. असे केल्याने ते तळाशी बसत नाहीत. अंडी आणि लोणी खोलीच्या तापमानाला आलेली असावीत. फ्रीजमधील गार अंडे घातले की लोणी आवळते आणि मिश्रण फुटते. साताऱ्यातील थंडीत त्यासाठी अंडी कवचासह पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवावीत.

लोणी आणि साखर फिकट व हलके होईपर्यंत फेसावे. अंडी वेगळ्या भांड्यात आधी नीट फेटून घ्यावीत आणि एकेक चमचा करून लोण्यात घालत जावे, प्रत्येक वेळी पूर्ण मिसळल्याशिवाय पुढचा चमचा घालू नये. घाई करण्याची ही जागा नाही. मिश्रण फुटल्यासारखे दिसू लागले तर एक चमचा मैदा घालून पुन्हा फेसावे. नंतर मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि जायफळ एकत्र चाळून दोन वेळा घालावे, मध्ये दूध घालावे आणि फेसण्याऐवजी उलथन्याने हलकेच कालवावे. शेवटी बेदाणे घालून मिश्रण सात इंची डब्यात ओतावे. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंश सेल्सियसवर ४० ते ४५ मिनिटांत केक होतो. या केकचा वरचा भाग कोंबडीच्या अंड्यांच्या केकपेक्षा लवकर रंगतो, म्हणून अर्ध्या तासाने पाहावे आणि तांबूस होत असेल तर वर कागद झाकावा.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग काढून तळाशी वाटीभर मीठ पसरावे, जाळी ठेवावी, झाकण लावून दहा मिनिटे तापवावे आणि डबा आत ठेवून मंद आचेवर ४५ ते ५५ मिनिटे भाजावा. मधोमध टोचलेली सुरी कोरडी निघाली की केक झाला. केक पूर्ण निवल्यावरच कापावा. गरम असताना किंचित येणारा अंड्याचा वास निवल्यावर राहत नाही.

लोणी नसलेला, नुसत्या फेसावर फुलणारा स्पंज केक या अंड्यांनी करायचा असेल तर फेसण्याला दीडपट वेळ धरावा लागतो. केवळ पांढऱ्याचा फेस करणे त्याहून कठीण आहे, कारण बदकाच्या अंड्याचे पांढरे हवा लवकर धरत नाही. भांडे तेलाचा अंश नसलेले असावे, पांढरे कोमटसर असावे आणि दोन अंड्यांच्या पांढऱ्याला अर्धा छोटा चमचा लिंबाचा रस घालावा. आम्लामुळे फेस बनतो आणि टिकतो. तरीही मेरिंगसारख्या पदार्थासाठी मी कोंबडीचीच अंडी सुचवीन.

कॅरॅमल पुडिंग

दुधाच्या पदार्थात बलकाचा वाटा मोठा असणे फायद्याचेच ठरते. अर्धा लिटर दुधाला कोंबडीची चार अंडी लागतात तिथे बदकाची तीन पुरतात आणि इथे वेगळे पाणी मिसळावे लागत नाही. साठ ग्रॅम साखर कोरडीच वितळवून तांबूस करावी आणि डब्याच्या तळाशी फिरवावी. दूध ८० ग्रॅम साखर घालून कोमट करावे, अंडी फेस न आणता हलकेच फेटावीत, त्यात दूध धारेने ओतावे आणि मिश्रण गाळून घ्यावे. गाळणे टाळू नये, कारण दाट पांढऱ्याच्या तारा राहिल्या तर पुडिंगमध्ये शिजलेल्या अंड्याचे तुकडे लागतात. वेलदोड्याची पूड घालून डबा झाकावा आणि मंद वाफेवर ३५ ते ४० मिनिटे ठेवावा. पाणी जोरात उकळल्यास पुडिंगला जाळी पडते. मधला भाग किंचित थरथरावा, पण सुरी स्वच्छ निघावी. नंतर निवू देऊन चार तास फ्रीजमध्ये ठेवावे.

खारवलेली अंडी

अंडी एकदम जास्त जमली तर ती खारवून ठेवता येतात. चीनमध्ये आणि आग्नेय आशियात ही रीत मोठ्या प्रमाणावर आहे आणि त्यासाठी बदकाचेच अंडे पसंत करतात, कारण मोठा, स्निग्ध बलक मिठाने घट्ट आणि रवाळ होतो. एक लिटर पाण्यात २५० ग्रॅम मीठ घालून उकळावे आणि पूर्ण गार करावे. तडा नसलेली, धुऊन कोरडी केलेली अंडी काचेच्या बरणीत रचून त्यावर ते पाणी ओतावे आणि अंडी वर येऊ नयेत म्हणून वर छोटी बशी ठेवावी. हे काम थंडीच्या दिवसांत करावे आणि बरणी गार, अंधाऱ्या जागी ठेवावी. तीन आठवड्यांनी एक अंडे काढून उकडून पाहावे. बलक पुरेसा घट्ट व केशरी झाला नसेल तर आणखी आठवडाभर थांबावे. तयार अंडी पाण्यातून काढून फ्रीजमध्ये ठेवावीत आणि खाण्यापूर्वी पंधरा मिनिटे उकडावीत, कारण खारवल्याने अंडे शिजत नाही. पांढरे अतिशय खारट होते, म्हणून ते बारीक करून भाताबरोबर किंवा भुर्जीत घालताना वेगळे मीठ घालू नये.